नसली तर गप्प राहा

आउने हिर्वासनिएमीच्या टेबलाशी
मला डिसेंबरात बसवलं. औलू शहरात.
बाहेर नदी, नदीवर बर्फ, हवेत उणे एकोणीस,
आणि दुपारी दोनलाच दिवस आवरून झालेला.

काम तसं सोपं. नदी कधी गोठते, कधी सुटते,
पंच्याऐंशीपासूनच्या नोंदी आहेत,
त्या पुढे चालवायच्या.
एडिटर तिचाच, जुना,
माउसला फारसा न जुमानणारा.
सुरू केला तर अक्षरं एवढाली
की अख्ख्या पडद्यावर
जेमतेम एक आठवडा मावला.

म्हणून तिची सेटिंगची फाईल उघडली.
वरच दोन अर्धविराम, त्यांच्यामागे तिचं लिहिणं:
अकरा, दोन हजार तीन.
चौदा, नवा चष्मा.
अठरा, डावा डोळा.
सव्वीस. डॉक्टर म्हणतात अजून वाढेल.
आकडा की आजार, विचारलं नाही.

दोन अर्धविरामांमागचं
यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं.
ते माणसासाठी असतं.
या खोलीत तर ती एकटीच बसायची.

आणखी खाली, जरा तणतणत:
मेनूतून काही निवडलं की हा स्वतःच येऊन लिहितो,
माझ्या ओळींच्या मधोमध,
वर ताकीद, की हात लावाल तर बिघडेल.
माझ्याच घरात, मला!
आजपासून याची फाईल वेगळी.
काय गिरवायचं ते तिथे गिरव, बाबा.

आणि मग यंत्राने वाचायच्या दोनच ओळी,
कंसात कंस घालून, पण अर्थ एवढाच:
तुझं लिखाण तिकडे ठेव.
ती फाईल असली तर वाच,
नसली तर गप्प राहा.

मी ती दुसरी फाईलही उघडली.
यंत्राचं अक्षर. सगळं वर्णक्रमाने,
ना तारीख, ना तक्रार.
घंटा: नको.
कर्सरचं लुकलुकणं: नको.
पुसण्याआधी विचारू का: हो.
पुसण्याआधी पुन्हा विचारू का: हो.
घाईत दिलेली, विसरलेली उत्तरं
ज्याने विचारली त्यानेच जपून ठेवलेली.

तिच्या फाईलीत मात्र एक नियम होता,
चांगला वीसेक ओळींचा:
सूर्य मावळला की पडदा काळा कर.
जूनमध्ये या भानगडीत पडू नकोस.
दोन वाजून पाच मिनिटांनी
माझ्यासमोरचा पांढरा कागद खरोखरच विझला,
आणि मी, का कोण जाणे, खिडकीकडे पाहिलं.

सव्वीसचे मी बारा केले.
संध्याकाळी फोन आला, केंपेलेहून, बहिणीच्या घरून.
कितीवर ठेवलंस?
बारा.
हसली. तरुण आहेस, विल्यो.
मग बराच वेळ काही नाही,
तिकडे कुणीतरी कॉफीचे कप मांडत होतं.
मग म्हणाली, माझ्या ओळी ठेव किंवा काढ,
त्याची फाईल मात्र काढून बघ एकदा.
मला कधी धीर झाला नाही.

फोन ठेवल्यावर ती फाईल मी
दुसऱ्या फोल्डरात हलवली. एडिटर बंद. पुन्हा सुरू.

काही बोलला नाही.
शब्द दिल्यासारखा गप्प.
नोंदी होत्या तिथे होत्या,
मार्च मार्चच्या जागी, पडदा काळा,
कारण तो तिचा नियम, तिच्या हातचा.

फक्त कर्सर लुकलुकायला लागला,
पंच्याऐंशीच्या पहिल्या ओळीपाशी,
आहे, नाही, आहे, नाही.
मी फाईल परत आणायला उठणार होतो.
मग म्हटलं, राहू दे जरा वेळ.